ड्रमसेट, खोली आणि चौदा क्विंटल कापूस

ड्रमसेटचा आवाज नीट येत नसेल तर माणूस आधी ड्रमला शिव्या देतो. मग त्याच्या कातड्याला (आता कातडं कसलं, प्लॅस्टिकचंच असतं ते), मग काठ्यांना, मग ज्याने सेट विकला त्याला. शेवटी स्वतःच्या हातांवर शंका घेतो आणि वाजवायचं सोडून देतो. ज्या खोलीत सेट ठेवलाय तिच्यावर मात्र कुणी शंका घेत नाही. खोली बिचारी गप्प उभी असते ना! पण मंडळी, ती गप्प नसते. दहा बाय बाराच्या खोलीत ड्रमसेट ठेवला की निम्मा कार्यक्रम खोलीच करते.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमच्या केदारखेड्याच्या घरातला ड्रमसेट. केदारखेडा कुठे म्हणाल, तर जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागायचं, राजूरच्या गणपतीला हात जोडायचे आणि तसंच पुढे यायचं. गावात वाद्यांची कमी नाही. मारुतीच्या देवळात मृदंग आहे, टाळ आहेत, लग्नसराईत बँजो पार्टी येते, पोळ्याला हलगी असते. पण पाच नगांचा, झांजांसकटचा, पायाने वाजवायचा ड्रमसेट घरात असणारे आम्हीच. तो माझ्या धाकट्या चुलतभावाचा. २०२२ च्या दिवाळीत त्याने जालन्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना सेट बावीस हजारांत घेतला. पैसे अर्थातच काकांचे, सोयाबीनचे. घरात त्यावरून जे काही झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सेट ठेवायला जागा एकच होती, ओसरीला लागून असलेली पुढची खोली. स्लॅबची, सिमेंटचं प्लॅस्टर, खाली शहाबादी फरशी, एक दार, एक खिडकी. लांबी बारा फूट, रुंदी दहा, उंचीही दहा. त्यातली निम्मी खोली तेव्हा कापसाने भरलेली. चौदा क्विंटल. पायाने तुडवून तुडवून सहा फूट उंच रचलेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. उरलेल्या जागेत धाकट्याने सेट कसाबसा कोंबला. एक झांज तर कापसात अर्धी घुसलेली असायची. पण आवाज? मी दिवाळीच्या सुट्टीत ऐकला आणि खरं सांगतो, थक्क झालो. बेस ड्रमचा ठोका 'धप्' करून यायचा आणि तिथेच संपायचा. स्नेअर अगदी रेकॉर्डिंगमधल्यासारखा कोरडा, टणक. प्रत्येक ठोका वेगळा मोजून घ्यावा असा.

कापूस घरात का होता हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. ते आकडे ज्याने एकदा पाहिले तो पुढच्या वर्षी आठ-साडेआठ हजाराला कापूस कसा सोडणार? सरकारचा हमीभाव त्या २०२२-२३ च्या हंगामात मध्यम धाग्याला ६,०८० आणि लांब धाग्याला ६,३८० होता, बाजार त्याच्या वर होता, आणि सगळं गाव म्हणत होतं की अजून चढणार. म्हणून सगळ्यांनी कापूस घरात भरला. काका पण म्हणायचे, "भाव येऊ दे, मग पाहू." जानेवारी गेला, मार्च गेला. कापसातल्या किड्यांनी घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. काकूचे हात तर कोपरापर्यंत लाल झाले होते. भाव मात्र खालीच यायला लागला. शेवटी मे २०२३ मध्ये काकांनी सात हजारांच्या आसपास सगळा कापूस देऊन टाकला. पिकअप भरून गेली, खोली झाडली, फरशी पुसली.

आणि त्याच आठवड्यात धाकट्याचा मला पुण्याला फोन. "दादा, सेट बिघडला बहुतेक. आवाज नुसता घुमू रायला."

खोली मोकळी झाल्यावर त्याने काय केलं, तर आपण सगळेच करतो ते. सेट कोपऱ्यात सरकवला. कपाट कोपऱ्यात, टीव्ही कोपऱ्यात, तसा ड्रमसेटही कोपऱ्यात, म्हणजे मधली जागा मोकळी राहते. पण आता बेस ड्रम वाजवला की एक लांबलचक 'भूंऊऊ' उठायचा आणि पुढचा ठोका त्यात बुडून जायचा. फ्लोअर टॉम आणि बेस ड्रम यांत फरक कळेना. स्नेअरचा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. त्यात खोलीत ज्वारीची पत्र्याची कोठी, ती स्वतंत्र गाणं म्हणायची. कुणीतरी त्याला सांगितलं की कातडी बदल, सहा-सात हजारांत होईल. कापूस हजार-दीड हजाराच्या फरकाने खाली विकलेल्या माणसाकडे हे पैसे मागणार कोण? काका एवढंच म्हणाले, "विकून टाक. कापूस विकला तसा." धाकटा दोन दिवस जेवला नाही म्हणे.

मी त्या शनिवारी बॅगेत मोजपट्टी टाकून एस.टी. पकडली. (आमच्या धंद्यात एक सवय लागते. एखादा प्रोग्रॅम काल चालत होता आणि आज चालत नसेल तर पहिला प्रश्न विचारायचा, कालपासून बदललं काय? ड्रम तेच, हात तेच, काठ्या त्याच. गेला होता तो फक्त कापूस.)

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, पण फार अवघड नाहीये. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४७ हर्ट्झचा एक सूर घेतला, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं, तर त्याची एक लाट सुमारे २४ फूट लांब होते. आमची खोली बारा फूट. म्हणजे त्या लाटेचा बरोब्बर अर्धा भाग खोलीत बसतो. भिंतीवर आपटून परत येणारी लाट जाणाऱ्या लाटेशी जुळते आणि झोक्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसा तो सूर वाढत जातो. रुंदीचं गणित केलं तर ५६ हर्ट्झ येतं. उंचीही दहाच फूट, त्यामुळे तिचेही ५६! एकाच सुराला दोन-दोन मालक. खोलीची रुंदी आणि उंची सारखी असणं हे गवंड्याला सोयीचं पण कानाला फार वाईट, कारण दोघांचे सूर एकमेकांवर चढतात. आणि बेस ड्रमचा मूळ सूर साधारण याच गावातला, पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान. मग घुमणार नाही तर काय!

गंमत म्हणजे हे सूर ऋतूप्रमाणे हलतात. हवा तापली की आवाज जास्त वेगाने जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर गेला की वेग ३५६ च्या आसपास होतो, जानेवारीच्या पंधरा अंशांच्या रात्री ३४० असतो. म्हणजे उन्हाळ्यात खोली हिवाळ्यापेक्षा पाऊण स्वर नव्हे, पण अर्ध्या स्वराच्या जवळपास चढी लागते. घर सुरात लावायचं तर कोणत्या महिन्यात लावायचं, हा एक प्रश्नच आहे. असो.

मोठ्या जागेत हे होत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, तिथे टाळी वाजवून बघा. आवाज रेंगाळतो, पण एखादाच सूर फुगून अंगावर येत नाही, कारण एवढ्या मोठ्या दालनाचे स्वतःचे सगळ्यात खालचे सूर आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत इतके खाली असतात. आणि देवळाचा सभामंडप तर तीन बाजूंनी उघडा. गेलेली लाट गेली, परत कुठे येते? म्हणून तिथे मृदंगवाले बुवा खांबाशी बसोत की कीर्तनकाराच्या शेजारी उभे राहोत, धुमेचा आवाज तोच. छोट्या खोलीत मात्र लाटेचं माप आणि खोलीचं माप एक झालेलं असतं. दोघं एकमेकांच्या अंगावर पडतात.

मृदंगाचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. सर सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या आधी आपल्या चर्मवाद्यांवरही काम केलं होतं. १९२० साली 'नेचर'मध्ये त्यांचा याच विषयावरचा लेख आला होता. साध्या गोल कातड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वाकडेतिकडे असतात, त्यांचं एकमेकांशी जमत नाही. तबल्या-मृदंगाला मध्ये शाई लावतात, तिच्या वजनाने हे सूर दुप्पट, तिप्पट असे सरळ रांगेत येतात, म्हणून मृदंग सुरात बोलतो. ड्रमसेटला शाई नाही. त्याचा आवाज म्हणजे सुरांचा बाजार, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही आणि तेच त्याचं सौंदर्य. पण छोटी खोली काय करते, त्या बाजारातला आपल्या मापाचा एक सूर निवडते आणि त्यालाच खांद्यावर घेऊन नाचते. बेस ड्रम वाजवा, फ्लोअर टॉम वाजवा, खोली आपलं तेच 'भूं'.

यात कोपरा म्हणजे सगळ्यात वाईट जागा. भिंतीजवळ या लाटांचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि कोपऱ्यात तर लांबी, रुंदी, उंची तिघींचाही जास्तीत जास्त. तिथून ठोका मारला की खोलीचे सगळे सूर एकदम जागे होतात. शिवाय एकेका भिंतीच्या साथीने खालच्या सुरांचा दाब दुपटीपर्यंत वाढू शकतो, म्हणजे ६ डेसिबल. ज्याला लग्नात दणका हवा आहे त्याने बेसचा डबा कोपऱ्यात ठेवावा. ज्याला आपला ठोका ऐकायचा आहे त्याने कोपरा सोडावा.

मी धाकट्याला सांगितलं, तू नुसता पायाने बेस ड्रम वाजवत रहा, सेकंदाला एक. आणि मी खोलीत हिंडायला लागलो. हे करून बघण्यासारखं आहे, पैसे लागत नाहीत. भिंतीला पाठ लावून उभं राहिलो तर पोटात हादरे. खोलीच्या मधोमध आलो तर बेस गायब! म्हणजे ड्रम समोर वाजतोय, कातडं हलताना दिसतंय, आणि आवाजातला तळच नाही, नुसती टकटक. दोन पावलं मागे सरकलो की परत आला. धाकट्याला खरं वाटेना, मग आम्ही जागा बदलल्या. मी वाजवलं, तो हिंडला. एकदा तर तो मधोमध उभा राहून खाली बसला आणि ओरडला, "इथं बसलं की जास्त घुमतंय, उभं राहिलं की कमी!" बरोबर आहे. उंचीच्या लाटेचा दाब जमिनीशी आणि स्लॅबशी जास्त, पाच फुटांवर जवळजवळ शून्य. उभ्या माणसाचा कान साधारण तिथेच येतो. काकू कायम जमिनीवर बसून डाळ निवडायची, म्हणून घरात सगळ्यात जास्त तक्रार तिची. आम्हाला वाटायचं की तिला वाजवणंच आवडत नाही!

मग जागा शोधायला लागलो. पहिला विचार जो कुणालाही सुचेल तो, कोपरा सोडायचा आणि आखूड भिंतीला पाठ करून बसायचं, ड्रमचं तोंड दाराकडे. बेस ड्रम भिंतीपासून चार फुटांवर येतो, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशावर. तिथे लांबीचा पहिला सूर निम्माच उठतो. गणिताने छान. ओसरीवर उभं राहून ऐकलं, फरक स्पष्ट होता, 'भूं' आखडला होता. पण धाकटा म्हणाला, मला तर तसंच ऐकू येतंय. कारण त्याचं डोकं! ड्रम भिंतीपासून चार फूट, पण वाजवणाऱ्याचं डोकं भिंतीपासून पावणेदोन फूट. तो स्वतः दाबाच्या ढिगाऱ्यात बसलेला. ड्रमसेटची ही अडचण मला तोवर कुठे नीट लिहिलेली दिसली नव्हती. स्पीकर कुठे ठेवायचे यावर ढीगभर लिहिलेलं आहे, पण स्पीकर स्वतः ऐकत नाही. ड्रमवाला वाजवतोही आणि ऐकतोही, आणि त्याच्या या दोन जागांत जेमतेम दोन-अडीच फुटांचं अंतर. एक सुधारली की दुसरी बिघडते. म्हणजे आधी ठरवायला लागतं की हे सगळं कुणासाठी चाललंय. खोलीत श्रोते असतील तर त्यांच्यासाठी. नसतील तर वाजवणाऱ्यासाठी.

इथे श्रोते कोण? ज्वारीची कोठी. धाकट्याला सराव करायचा होता, आपला ठोका कुठे पुढे-मागे पडतो ते ऐकायचं होतं. म्हणून आम्ही सेट उलटा फिरवला. ड्रमचं तोंड भिंतीकडे, धाकट्याची पाठ दाराकडे. बेस ड्रम भिंतीपासून तीन फूट, आणि त्याचं डोकं सव्वापाच फुटांवर, म्हणजे लांबीच्या मध्याच्या जवळ, जिथे ४७ चा सूर पडलेला असतो. रुंदीत मध्यापासून फूटभर डावीकडे, कारण बरोबर मधोमध बसलं तर ५६ जातो पण त्याचा दुप्पट ११२ बोकांडी बसतो. त्याने वाजवलं. दहा-बारा ठोके झाले असतील. थांबला, काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "दादा, हा आपलाच सेट आहे." कातडी बदलली नव्हती, एक स्क्रू फिरवला नव्हता.

पूर्ण नव्हतं जमलं, ते सांगतो. भिंत आता त्याच्या तोंडासमोर होती. झांजा आणि स्नेअरचा आवाज सरळ जाऊन आपटायचा आणि परत तोंडावर यायचा. समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींत टाळी वाजवली तरी 'टर्रर्र' असा आवाज यायचा. जागा बदलून बेस सुधारतो, हा तडतडाट नाही सुधारत. त्याला काहीतरी मऊ लागतं.

इथे मला वॉलेस सबाइन आठवल्याशिवाय राहत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि त्यात बोललेलं कुणाला समजत नव्हतं. एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. भौतिकशास्त्राच्या या तरुण मास्तराला सांगितलं, बघ काय करता येतं. तो काय करायचा, तर रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. असं करत त्याने सूत्र काढलं की घुमण्याचा वेळ खोलीच्या आकारमानावर आणि मऊ वस्तूंच्या क्षेत्रफळावर ठरतो. आज जगभर हॉल बांधताना तेच सूत्र वापरतात.

ते सूत्र मी आमच्या खोलीला लावलं. रिकामी खोली, सिमेंट आणि फरशी, उत्तर आलं तीन सेकंदांच्या वर. आता कापूस भरलेली खोली, ढिगाची समोरची बाजू आणि माथा धरून, उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत! आणि दुसरी गोष्ट तर मला कागदावर दिसली तेव्हा हसूच आलं. मऊ वस्तूने एखादा सूर नीट गिळायचा तर तिची जाडी त्या लाटेच्या पाव भागाएवढी असली तर उत्तम. ४७ हर्ट्झच्या २४ फुटी लाटेचा पाव म्हणजे सहा फूट. काकांचा ढीग पाच-सहा फूट जाड होता. मुंबईतल्या कुठल्याही स्टुडिओला एवढा जाड बेस शोषणारा थर परवडणार नाही. आमच्या घरात तो सहा महिने होता आणि त्याच्याकडे बघून सगळे फक्त खाजवत होते.

पण कापूस तर गेला होता. मग गोधड्या. आजीच्या हातच्या चार जुन्या गोधड्या ट्रंकेत होत्या. दोन समोरच्या भिंतीवर, एक-एक बाजूंना. भिंतीला चिकटवून नाही, बांबू बांधून चार बोटं पुढे टांगल्या. मागे हवा राहिली की तीच गोधडी जरा खालचे सूरही पकडते. तडतड लगेच निम्म्याने गेली. बेसला मात्र गोधडी हातही लावत नाही, इंचभर जाडी आणि २४ फुटांची लाट, काय जोड आहे? म्हणूनच ते अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचं खूळ कुणी करत असेल तर करू नका. पातळ पुठ्ठा तो. थोडाफार वरचा आवाज विखुरतो, बाकी झुरळांची सोय. (धाकट्याने दोन डझन जमवून ठेवले होते. कोंबड्यावाल्याला परत दिले.) पत्र्याच्या कोठीखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि वर ज्वारीचं पोतं ठेवलं, तिचं गाणं थांबलं.

एक गोष्ट या सगळ्याने होत नाही, आणि ती बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. वाजवणाऱ्याच्या कानापासून स्नेअर आणि झांज दोन फुटांवर असतात. तो आवाज थेट येतो, त्याला भिंत लागत नाही आणि गोधडीही अडवत नाही. मी फोनवरच्या ॲपने मोजायला गेलो तर ते शंभराच्या पुढे जाऊन अडकलं, फोनच्या माइकची तेवढीच कुवत. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आठ तास चालेल, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला रोज पंधरा मिनिटं. धाकटा दोन-दोन तास वाजवायचा आणि जेवताना "काय? काय?" करायचा. काकूने उपाय सांगितला, कानात कापूस घाल. घरात पिकणारी वस्तू, पण इथे तो कामाचा नाही, कानातल्या बोळ्याने जेमतेम काही डेसिबल कमी होतात. फोमचे इअरप्लग मिळतात, काही रुपयांना जोडी, ते पिळून कानात नीट आत घातले की वीसेक डेसिबल सहज जातात. मी डबाभर घेऊन दिले. तेव्हापासून माझी अट एकच, कान बंद नसतील तर मी गोधड्या उतरवून नेणार.

पाठ दाराकडे असण्याचा तोटा म्हणजे मागे कोण आलं ते त्याला कळत नाही. त्यात कानात बोळे. काकू जेवायला बोलवायला जाते तेव्हा दिव्याचं बटण दोन-तीनदा चालू-बंद करते. काका कधीच आत जात नाहीत, ओसरीवर बसतात. पण विकून टाक हे पुन्हा म्हणाले नाहीत. उलट एकदा मला फोनवर म्हणाले की आता एक-एक ठोका येगळा ऐकू येतो, पहिल्यासारखा.

पुढच्या हंगामापासून काकांनी कापूस घरात भरणं बंद केलं. वेचणी झाली की आठ-पंधरा दिवसांत विकून मोकळे. भाव चढण्याची वाट बघायची नाही आणि खाजवायचंही नाही. धाकट्याने एकदा भीत भीत विचारलं होतं, थोडा तरी ठेवा ना, कोपऱ्यापुरता. काकांनी नुसतं बघितलं. पण नंतर स्वतःच माळ्यावरच्या तीन जुन्या गाद्या खाली काढल्या, ज्यांतला कापूस दगडासारखा झाला होता, तो पिंजून आणला आणि गोणपाटाच्या पोत्यांत सैल भरून दिला. सरकी काढलेला कापूस, त्यामुळे किडे नाहीत. ती पोती आता चारपैकी दोन कोपऱ्यांत जमिनीपासून स्लॅबपर्यंत एकावर एक उभी आहेत. कोपऱ्यात का, ते वर आलंच आहे, सगळ्या लाटांचा दाब तिथे जास्त असतो, म्हणून थोड्या मालात जास्त काम होतं. चौदा क्विंटलची सर नाही येत, पण बेसचं शेपूट बरंच तुटलं.

आता भिंतीपलीकडच्या मांडणीवरचं एक स्टीलचं ताट तेवढं राहिलंय. फ्लोअर टॉम वाजला की ते एकटंच झणझणतं. टॉम थोडा खाली उतरवून बघितला तर शेजारचं पातेलं वाजायला लागलं, म्हणून परत चढवला. काकूने त्यावर आपला तोडगा काढलाय. धाकटा वाजवायला बसला की ती ते ताट खाली काढते आणि त्यात डाळ निवडत बसते.